हात भाजला म्हणजे वीज मिळाली असं नाही

वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं बघून आलेला माणूस हमखास विचारतो, "एवढं गरम पाणी फुकट वाहून चाललंय, यावर वीज का नाही करत?" पाठोपाठ १०,६०० मेगावॉट हा आकडा येतो. देशाची भूऔष्णिक क्षमता म्हणून सरकारी कागदांतही तो वर्षानुवर्षं छापला जातोय, त्यामुळे बोलणाऱ्याला आणखी जोर चढतो. मग उन्हवरे, तुरळ, राजापूर अशी सगळी कुंडं एका दमात मोजली जातात आणि कोळसावाल्यांना शिव्या घालून विषय संपतो. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही.

वरचं कुंड हा फार तर सुगावा. वीजकेंद्र उभं राहतं ते खाली पुरेसं तापमान, मुबलक पाणी आणि ते पाणी खेळतं ठेवणारा भेगाळलेला खडक एकाच जागी असेल तर. खडक नुसताच तापलेला आणि आत भेगा नाहीत, अशी विहीर बुजवण्याच्याच लायकीची.

दापोलीजवळच्या उन्हवऱ्याचं पाणी साधारण ७० अंशांचं. "अलास्कात चेना इथे ७४ अंशांच्या पाण्यावर वीज होते की!" हे वाक्यही मी ऐकून आहे. होते, २००६ पासून होते. पण वीज नुसत्या उष्णतेतून मिळत नाही, तापमानातल्या फरकातून मिळते. चेनाला थंड करायला ४ अंशांचं पाणी हाताशी आहे. कोकणात आपण ३० अंशांचं आणणार. चेनाला अगदी आदर्श यंत्रानेही उष्णतेचा जेमतेम पाचवा हिस्सा हाती लागेल, उन्हवऱ्याला आठवा-नववा. प्रत्यक्षातलं यंत्र याच्या निम्म्यावर येतं आणि त्यातून पंपांची वीज वजा होते.

अर्थात खाली पाणी जास्त तापलेलं असू शकतं. ते बोअर न मारता ताडता येतं, आणि मला या विद्येतला हा सगळ्यात देखणा भाग वाटतो. गरम पाणी खडकातली सिलिका जास्त विरघळवतं. वर येताना पाणी निवतं, पण सिलिका लगेच बाहेर पडत नाही. म्हणून बाटलीभर पाण्यातली सिलिका मोजली की खोलवरच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. नमुना घेताना तो तिथल्या तिथे शुद्ध पाण्याने पातळ करावा लागतो, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सिलिकाचा साका बसतो आणि उत्तर कमी येतं. वाटेत थंड भूजल मिसळलं असेल तरीही कमीच येतं. म्हणून सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर जोडीला बघतात. मग खडकाची विद्युतवाहकता मोजून खाली पाणी आणि भेगा कुठे असतील याचं चित्र काढतात, उथळ बोअर मारून खोलीबरोबर तापमान किती चढतं ते पाहतात. एवढं झालं की खरी महागडी विहीर.

तीही नशिबाची. जागतिक बँक गटातल्या आयएफसीने २०१३ मध्ये १४ देशांतल्या २,६१३ विहिरींचा हिशेब मांडला. नव्या क्षेत्रातली पहिली विहीर यशस्वी ठरण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास निघालं. खासगी कंपन्या पहिल्या विहिरीला का कचरतात, ते यावरून कळावं. केनियाने ती जोखीम घ्यायला २००८ मध्ये सरकारी कंपनीच काढली.

आपल्याकडचं सर्वांत आशादायक क्षेत्र लडाखमधलं पुगा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथे १९७० च्या दशकात बोअर मारले, पण त्यांतला सर्वांत खोल ४०० मीटरपर्यंतही गेला नाही. २०२१ मध्ये ओएनजीसीने करार केला, पहिलं उद्दिष्ट १ मेगावॉट. पुढच्याच वर्षी खोदताना उसळलेलं पाणी पुगा ओढ्यात गेलं आणि काम थांबवावं लागलं. पुगाची ही स्थिती असताना १०,६०० चा आकडा तोंडावर फेकणाऱ्यांना काय म्हणावं! असे आकडे सहसा खडकाचं आकारमान, तापमान आणि त्यातली किती उष्णता काढता येईल याचं गृहीतक यांच्या गुणाकारातून येतात. गृहीतक दुप्पट केलं की आकडाही दुप्पट. विहिरी वाहत्या ठेवून दाब किती आणि किती वेगाने उतरतो, हे मोजल्याशिवाय त्यावर टर्बाइनची ऑर्डर देता येत नाही.

"एकदा केंद्र झालं की अक्षय वीज" हाही त्याच पठडीतला भ्रम. कॅलिफोर्नियातल्या द गीझर्स क्षेत्रात १९८० च्या दशकात भराभर केंद्रं वाढवली, विहिरी अति झाल्या आणि वाफेचा दाब घसरला. १९९७ पासून आसपासच्या गावांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नळाने आणून खाली सोडलं जातंय. केनियातल्या ओल्कारियाने १९८१ मध्ये १५ मेगावॉटने सुरुवात केली, १९८५ पर्यंत ४५ वर नेलं, क्षेत्र कसं वागतं ते पाहत पुढे सरकलं. आज केनियाची ४० टक्क्यांच्या आसपास वीज भूऔष्णिक आहे.

बाकीचे किरकोळ. सह्याद्री ज्वालामुखीचा म्हणून खाली अजून लाव्हा धगधगतोय? तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला. कोकणातलं पाणी भेगांतून खोल उतरून, पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेनेच तापून वर येतं. बोअरने भूकंप होतात? साध्या विहिरीने नाही, पण दाबाने पाणी घुसवून खडक फोडताना काळजी घ्यावीच लागते. दक्षिण कोरियातल्या पोहांगचा २०१७ चा ५.५ चा धक्का त्यातूनच आला, असं सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये सांगितलं. कुंडांना काहीच होणार नाही? न्यूझीलंडमध्ये वैराकेईचं केंद्र १९५८ मध्ये सुरू झाल्यावर शेजारच्या खोऱ्यातले उसळते झरे आटले. वज्रेश्वरीच्या पुजाऱ्यांनी हे आधी विचारलं, तर तो अडाणीपणा नव्हे.

आणि वीज नाही म्हणजे उष्णता वाया, हेही खरं नाही. ६०-७० अंशांचं पाणी आमसुलं आणि मासळी वाळवायला, हॉटेलांना आंघोळीचं पाणी द्यायला आजच्या आज पुरेसं आहे. त्याला टर्बाइन लागत नाही, पाइप आणि उष्णता काढून घेणारी साधी यंत्रणा लागते.