दवाखाना दूर, शेजारी जवळ



उज्जैन शहरातील फ्रीगंज भागात राहणाऱ्याला दवाखाना आणि औषधांचे दुकान जवळच मिळते. पण शहराबाहेर, सोयाबीनच्या शिवारात, भर पावसात मध्यरात्री साप चावला तर काय? काळ्या मातीच्या चिखलात गाडी रुतते. शहर गाठेपर्यंतचा सारा वेळ रोगी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती असतो. म्हणून प्रथमोपचाराचे शिक्षण शहरवासीयापेक्षा रानात राबणाऱ्याला अधिक हवे.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावतात. बहुतेक मृत्यू खेड्यांत होतात आणि त्यांतले निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांत. ज्या आठ राज्यांत हे संकट मोठे आहे, त्यांत मध्य प्रदेशही आहे.

‘आम्ही अडाणी, आम्हाला हे कसे जमणार?’ असे कोणी म्हणेल. त्याने जामखेडकडे पाहावे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील या दुष्काळी भागात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावी परतून शिकलेले वापरीत. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वारंवार सराव केला तर निरक्षर माणूसही रोग्याची नीट काळजी घेऊ शकतो, हे त्या बायकांनी दाखवून दिले.

आता सर्पदंशाचा धडा पाहू.

१. रोग्याला धीर द्या. त्याला चालू किंवा धावू देऊ नका.

२. अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ लगेच काढा. मागाहून सूज येते.

३. मोडलेल्या हाडाला बांधतो तशा बांबूच्या कामट्या लावून हात किंवा पाय स्थिर करा. फडके सैल असावे.

४. दोरीने आवळू नका, ब्लेडने चिरू नका, तोंडाने रक्त ओढू नका, बर्फ लावू नका. आधीच कोणी आवळून बांधले असेल तर ते रुग्णालयातच सोडू द्या.

५. उलटी होत असेल किंवा गुंगी आली असेल तर कुशीवर निजवा.

६. १०८ ला फोन करा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने थेट लस असलेल्या रुग्णालयात न्या. मांत्रिकाकडे वेळ दवडू नका.

साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर चालते.

मण्यार फार फसवी असते. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बहुधा दुखतही नाही. पहाटे पोट दुखू लागते, मग पापण्या जड होतात. अशी लक्षणे दिसली तर दंशाची खूण शोधत बसू नका, निघा. नाग आणि मण्यार यांच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहिल्यास रोगी रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचू शकतो. ही क्रिया मात्र वाचून येत नाही, शिक्षकासमोर करूनच शिकावी लागते. सेंट जॉन अँब्युलन्स आणि रेडक्रॉस असे वर्ग घेतात.

प्रत्येक वस्तीतून एक पुरुष आणि एक स्त्री या वर्गाला पाठवा. सर्पदंशाची लस कोणत्या रुग्णालयात चोवीस तास मिळते, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. रात्री कोणाचा ट्रॅक्टर वा जीप निघेल, हेही ठरवा. शेतात जाताना बूट आणि बॅटरी, झोपताना खाट आणि मच्छरदाणी, एवढे सांभाळले तरी पुष्कळ दंश टळतील.

पेरणीपूर्वी आपण बियाणे तपासून घेतो. त्याच दिवसांत ही तयारीही उरकून घ्यावी.