व्हिडिओ गेमचे परीक्षण कोणत्या फूटपट्टीने करावे?

नाटक, चित्रपट आणि पुस्तक यांच्या परीक्षणाची मराठी नियतकालिकांना दीर्घ परंपरा आहे. व्हिडिओ गेमला मात्र त्या पानांवर अजून हक्काची जागा मिळालेली नाही. याचे एक कारण असे, की गेम ही मुलांच्या अभ्यासात व्यत्यय आणणारी वस्तू आहे, तिची चिकित्सा करण्यासारखे काही नाही, असा समज वडीलधाऱ्यांत अजून रुजलेला आहे. वास्तविक कन्सोल, म्हणजे केवळ गेम खेळण्यासाठी तयार केलेले आणि टीव्हीला जोडायचे यंत्र, 1972 साली अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या ओडिसीच्या रूपाने बाजारात आले, आणि 1990च्या दशकात अशा यंत्रांची स्वस्त नक्कल भारतातल्या छोट्या गावांपर्यंत पोहोचली. त्या काळच्या मुलांनी ‘कॅसेट’ म्हणून ओळखलेले, यंत्राच्या खाचेत बसवायचे प्लास्टिकचे डबे आणि त्यांवर छापलेली शेकडो-हजारो गेमची खोटी संख्या आज चाळिशीत पोहोचलेल्या अनेक वाचकांना आठवत असेल. ती पिढी आता स्वतः खरेदीदार आहे, आणि पैसे मोजण्यापूर्वी तिला हवा असतो तो विश्वासार्ह सल्ला.

हा सल्ला देणे दिसते तितके सोपे नाही. चित्रपट सर्व प्रेक्षकांपुढे सारखाच उलगडतो, परंतु गेम खेळणाऱ्याच्या हातून घडत जातो. एकाला जो टप्पा पाच मिनिटांत पार होतो, त्यावर दुसरा दोन संध्याकाळी घालवतो, आणि तिसरा कंटाळून यंत्र बंद करतो. शिवाय ‘गेम’ या एकाच नावाखाली इतके भिन्न प्रकार नांदतात, की एकाची कसोटी दुसऱ्याला लावणे म्हणजे कीर्तनाच्या कसोटीवर तमाशा जोखण्यासारखे होते. शर्यतीच्या गेममध्ये कथा नसणे हा दोष नव्हे. तेथे वळणावर गाडीचे वजन हाताला जाणवते की नाही, हे पाहायचे असते. मारामारीच्या गेममध्ये बटण दाबणे आणि पडद्यावर ठोसा बसणे यांतील अंतर सेकंदाच्या अगदी लहान अंशाचे असले तरी ते निर्णायक ठरते. क्रिकेटच्या गेममध्ये आणखी एक प्रश्न येतो, तो हक्कांचा. ईए स्पोर्ट्‌सचा ‘क्रिकेट 07’ हा 2006 साली आलेला गेम भारतात वर्षानुवर्षे खेळला गेला, पण परवान्याअभावी त्यात भारतीय खेळाडूंची नावे मोडतोड करून घातलेली होती. फलंदाजीचा ताल त्याने नेमका पकडला होता, म्हणून खेळणाऱ्यांनी ती नावे खपवून घेतली. यावरून क्रीडाप्रकारच्या गेममध्ये कशाला किती वजन द्यावे, याचा अंदाज बांधता येतो.

महाराष्ट्रात घडलेल्या कन्सोल गेमचे उदाहरण घेतले तर ही कसोटी अधिक नेमकी होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम 18 ऑगस्ट 2020 रोजी निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन 4, एक्सबॉक्स वन व संगणकावर आणला. 2017 साली लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा तिचा प्रयत्न फसला होता, तरीही काम थांबले नाही. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू नावाच्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही कसरती करणारी मुलगी हातात त्रिशूळ घेऊन लढते, आणि तिच्या प्रवासावर दुर्गा व विष्णू आपापसांत बोलत भाष्य करतात. राजस्थानी वास्तुकलेच्या छायेतले वाडे व दरवाजे, मधल्या कथाप्रसंगांसाठी वापरलेल्या छायाबाहुल्या आणि भारतीय वाद्यांचे संगीत यांमुळे या गेमचे जगभर कौतुक झाले, आणि ‘द गेम अवॉर्ड्‌स’ या अमेरिकी सोहळ्यात 2020 च्या सर्वोत्कृष्ट स्वतंत्र पदार्पणाच्या पाच नामांकनांत त्याला स्थान मिळाले.

मात्र या कौतुकामुळेच परीक्षण अवघड होते. आपल्या पुराणातले आणि आपल्या राज्यात तयार झालेले म्हणून झुकते माप देण्याचा मोह मराठी परीक्षकाला होणे स्वाभाविक आहे, आणि तो टाळायचा तर गेमचा प्रकार डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. ‘राजी’ हा अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर प्रकारचा, म्हणजे लढाई, उड्या आणि कोडी यांची सांगड घालणारा गेम आहे. त्यातील कॅमेरा, म्हणजे खेळणाऱ्याला दृश्य दाखवणारी नजर, बहुतेक ठिकाणी खेळणाऱ्याच्या हाती नसून दूरवर स्थिर ठेवलेली आहे. या दूरच्या नजरेमुळे वाड्यांची भव्यता खुलते, पण पुढचा कठडा नेमका किती अंतरावर आहे हे त्याच कारणाने कळत नाही आणि चुकीच्या अंदाजाने मारलेली उडी राजीला खोल दरीत नेते. लढाईत भिंतीवरून धावत जाऊन किंवा खांबाभोवती गिरकी घेऊन केलेला वार प्रथम पाहताना देखणा वाटतो. तोच वार पुन्हा पुन्हा करावा लागला, की त्यातली चमक उतरते. पाच-सहा तासांत संपणारी कथा ऐन रंगात आल्यावर अर्धवट तुटल्यासारखी थांबते. दृश्यकला व संगीत यांत अव्वल, हालचालीच्या रचनेत मध्यम आणि कथेच्या शेवटात कमकुवत, असा निकाल द्यावा लागतो. तो दिल्याने पुण्याच्या त्या तरुण संघाचा अपमान होत नाही. उलट त्यांचे काम जागतिक मापाने मोजले गेले असे म्हणता येते.

1993 च्या भूकंपाने हादरलेल्या लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या वाचकासाठी याहून वेगळा आणि अधिक नाजूक असा एक प्रकार आहे, तो म्हणजे आपत्तीतून वाचण्याचा गेम. जपानच्या आयरेम कंपनीने 2002 साली प्लेस्टेशन 2 साठी काढलेला गेम इंग्रजीत ‘डिझास्टर रिपोर्ट’ या नावाने आला. समुद्रात भराव टाकून नव्याने वसवलेल्या शहरात भूकंप होतो आणि एका तरुण बातमीदाराला तेथून जिवंत बाहेर पडायचे असते. त्याच्या हाती बंदूक नाही, शत्रूचे सैन्य नाही. तहान लागली की पडझडीतला नळ शोधायचा, आणि पुन्हा धक्का बसला की जमिनीलगत बसून तोल सांभाळायचा, एवढेच त्याच्या हाती असते. या मालिकेचा चौथा भाग 2011 च्या वसंतात यायचा होता, परंतु 11 मार्च 2011 रोजी ईशान्य जपानमध्ये महाभूकंप व त्सुनामी झाली आणि अवघ्या तीन दिवसांनी तो रद्द केल्याचे जाहीर झाले. पुढे मूळ दिग्दर्शक काझुमा कुजो यांच्या ग्रान्झेला या नव्या संस्थेने मालिकेचे हक्क मिळवले आणि तो भाग 2018 मध्ये जपानमध्ये, तर 2020 मध्ये इतर देशांत प्रसिद्ध केला.

या चौथ्या भागाचे पाश्चात्त्य परीक्षण बहुतेक तांत्रिक दोषांपाशी अडले. चित्र अडखळत चालते, पात्रांचे चेहरे निर्जीव वाटतात, हे आक्षेप खरेच आहेत. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जो भाग हादरला, तेथील वाचकाला या गेममधले दुसरेच काही दिसण्याची शक्यता आहे. गणेश विसर्जन आटोपून झोपलेल्या लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांवर तो 6.2 तीव्रतेचा धक्का कोसळला. मृतांचे आकडे सुमारे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिले जातात, आणि त्यानंतर 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. तेथे माणसे मेली ती काचेचे मनोरे कोसळून नव्हे. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि माळवदावरचा मातीचा जड थर झोपेतल्या माणसांवर आला. भिंतीचे आतले व बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नसल्याने ती दोन्हीकडे फुगून फुटली, तर कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तेवढा उभा राहिला. गेममधला भूकंप मात्र जवळजवळ नेहमीच उंच इमारती, उड्डाणपूल आणि भुयारी रेल्वे यांचाच असतो, कारण तो मोठ्या पडद्यावर भव्य दिसतो.

तरीही या मालिकेचे एक श्रेय नाकारता येत नाही. चौथ्या भागात भूक, तहान आणि शौचास जाण्याची गरज यांचीही नोंद ठेवली जाते. रांगेत उभ्या असलेल्या, चिडलेल्या, घाबरलेल्या माणसांशी काय बोलायचे याचे अनेक पर्याय समोर येतात, आणि त्यांत माणुसकीचे जसे असतात तसे स्वार्थाचेही असतात. आपत्तीला आतषबाजी न मानता माणसांची गोष्ट मानणारी ही दृष्टी दुर्मीळ आहे, आणि म्हणून सदोष चित्रणासह हा गेम परीक्षकाने गांभीर्याने घ्यावा असा आहे. त्याची मर्यादा दुसरीकडे आहे. गेम संपतो तो शहराबाहेर पडल्यावर, तर किल्लारीत खरी परीक्षा सुरू झाली ती त्यानंतर: पत्र्याचे तात्पुरते निवारे, घरे वाटपाच्या याद्या, शेतापासून दूर गेलेली नवी वसाहत, आणि कितीतरी काळ येत राहिलेले छोटे धक्के. भूकंपाआधी 1992 मध्येही त्या परिसरात धक्के जाणवले होते. गेममध्ये धोक्याची सूचना देण्यासाठी खेळणाऱ्याच्या हातातला कंट्रोलर, ज्याला घरोघरी रिमोट म्हटले जाते, त्यात बसवलेल्या छोट्या मोटरींमुळे थरथरतो. ज्या घरात त्या पहाटेची आठवण अजून ताजी आहे, तेथे ही थरथर करमणूक ठरणार नाही, हे परीक्षकाने पहिल्याच परिच्छेदात सांगायला हवे. वयोगट व आशय सांगणारी चिन्हे, अमेरिकेत 1994 पासून आणि युरोपात 2003 पासून, गेमच्या वेष्टनावर छापली जातात, परंतु ती हिंसा, शिवीगाळ व जुगार यांसारख्या गोष्टींपुरती बोलतात; माणसाच्या स्मृतीचा विचार ती करीत नाहीत.

परीक्षण कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या आवृत्तीवरून केले, हेही वाचकाला कळलेच पाहिजे. डिसेंबर 2020 मध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचा ‘सायबरपंक 2077’ आला, तेव्हा परीक्षकांना आधी केवळ संगणकावरची प्रत देण्यात आली होती आणि तिच्यावरून भरभरून गुण दिले गेले. प्रत्यक्षात प्लेस्टेशन 4 वर तो इतका अडखळत होता आणि मध्येच बंद पडत होता, की सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि ज्यांनी पैसे मोजले होते त्यांना ते परत देऊ केले. जून 2021 मध्ये तो परत आला आणि पुढील दुरुस्त्यांनंतर, ज्यांना पॅच म्हणतात, चांगला गेम म्हणून नावाजलाही गेला. आजचा गेम हा छापलेल्या पुस्तकासारखा स्थिर राहिलेला नाही. म्हणून तारीख नसलेल्या परीक्षणाला फारशी किंमत देऊ नये.

यानंतर येतात त्या गोष्टी, ज्या महानगरी परीक्षणांत क्वचित सापडतात. प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी 49,990 रुपयांना आला, त्याच्या डिस्क न लागणाऱ्या आवृत्तीची किंमत तेव्हा 39,990 रुपये होती. ती दहा हजारांनी स्वस्त दिसत होती खरी, पण तिच्यावर मित्राकडून आणलेली किंवा जुनी विकत घेतलेली डिस्क चालत नाही आणि खेळून झालेला गेम विकताही येत नाही. मोठ्या गेमची किंमत चार-पाच हजारांच्या घरात असताना हा हिशेब लातूर जिल्ह्यातल्या औसा-निलंग्याच्या कुटुंबाला महत्त्वाचा आहे. काही गेमचे वजन 100 जीबीच्या पुढे जाते, आणि घरात केबल न पोहोचल्याने मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर भागवावे लागले तर तो उतरवायला किमान पन्नास दिवस लागतील. इंटरनेटविना गेम चालतो का, वीज अचानक गेली तर खेळ कोठून पुन्हा सुरू होतो, एका घरातली दोन भावंडे एकाच टीव्हीवर एकत्र खेळू शकतात का, या प्रश्नांची उत्तरे आकर्षक चित्रांच्या वर्णनापेक्षा अधिक उपयोगी आहेत. भाषेचा प्रश्नही यातच येतो. ‘राजी’च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आला, परंतु कन्सोलच्या मोठ्या गेममध्ये मराठी हा आजही अपवादच आहे, आणि ज्या गेमची कथा संवादांवर उभी आहे तो इंग्रजी न येणाऱ्या आजीला किंवा पाचवीतल्या नातीला कितपत कळेल, हे परीक्षकाने लिहिले पाहिजे.

गुणांच्या आकड्यांवर विसंबणे सोयीचे असते. जपानच्या फामित्सू साप्ताहिकात चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि त्यांची बेरीज चाळीसपैकी होते. 1998 मध्ये ‘झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’ला प्रथमच पूर्ण चाळीस गुण मिळाले. मेटाक्रिटिक ही 2001 पासूनची सेवा अनेक परीक्षकांच्या मतांची शंभरपैकी सरासरी काढते. परंतु सरासरीत प्रकारांचे भेद विरघळतात, आणि कोणाच्या घरात बसून तो गेम खेळला जाणार हे तर तिच्यात कधीच नसते. मराठी नियतकालिकांनी चित्रपटाच्या शेजारी गेमसाठी एक स्तंभ राखून ठेवावा, त्यात आकड्याऐवजी कारणे छापावीत, आणि तो स्तंभ लिहिण्यासाठी लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांत गेम खेळणाऱ्या मुला-मुलींकडे आधी विचारणा करावी.