खर्जातली मंडळी

व्हायोलिन तुम्ही पाहिलं असेलच. हनुवटीखाली धरतात, पेटीत घालून शाळेतही नेता येतं. आता त्याच कुळातलं सगळ्यात थोराड वाद्य बघा : डबल बेस. उंची साधारण १८० सेंटीमीटर! तुमच्या बाबांनाही बहुधा टाचा उंचवाव्या लागतील. वाजवणारा उभा राहतो किंवा उंच स्टुलावर टेकतो आणि वाद्याला चक्क कवेत घेतो.

एवढं धूड बनवलं कशाला? खर्जातल्या सुरासाठी. तार जितकी लांब आणि जड, तितकी ती सावकाश थरथरते आणि सूर तितका खाली उतरतो. व्हायोलिनच्या तारेचा वाजणारा भाग जेमतेम ३३ सेंटीमीटर, तर डबल बेसचा १०५च्या आसपास. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. अगदी जवळून बघितलंत, तर वाजताना ती तार दिसतच नाही, नुसता धुरकट पट्टा दिसतो. त्या सुराची हवेतली एक लाट भरते आठ मीटरहून लांब.

आणि खरी गंमत पुढेच आहे. इतक्या खालच्या सुरासाठी हे धूडसुद्धा अपुरंच पडतं! ४१ कंपनांचा मूळ सूर त्यातून अगदी क्षीण निघतो. मग आपल्याला तो ऐकू कसा येतो? तार कधी एकटा सूर काढत नाही. त्याच्यासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही निघतात आणि ते चांगले दणदणीत असतात : ८२, १२३, १६४... ओळखलंत? ४१चा पाढा! मेंदूही तो ओळखतो आणि सुरुवातीचा ४१ स्वतःच भरून घेतो. गणितात नापास होणाऱ्यांचासुद्धा मेंदू हे करतो बरं का.

मोठ्या वाद्याचा त्रास डाव्या हाताला. व्हायोलिनच्या शेजारच्या दोन तारांमध्ये सा आणि प इतकं अंतर असतं. डबल बेसच्या तारा मात्र बहुतेक जण सा आणि म इतक्या जवळच्या सुरांत लावतात. कारण खालच्या सुरांपाशी पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत पंजा ताणला, तरी फार तर सा ते रे एवढंच हाताखाली येतं. तारांमधलं अंतर वाढवलं, तर हाताला सारखं वर-खाली पळावं लागेल. बोटांना घट्टे तर पडतातच.

सगळ्यात मोठं काम मात्र वाजवण्याआधीचं : वाद्य तिथवर न्यायचं. अरुंद जिन्यातून डबल बेस चढवणं म्हणजे लग्नघरात लोखंडी कपाट चढवण्यासारखं. चार जण ‘जरा डावीकडे, सांभाळून!’ म्हणणार आणि धरणारा एकटाच. वाद्याच्या तळाशी जमिनीवर टेकवायला एक दांडी असते. ती काढून तिथे छोटं चाक बसवायचं आणि रस्त्याने ढकलत निघायचं, ही बऱ्याच जणांची युक्ती. वाटेत कुणी ना कुणी विचारतंच, “बासरी का नाही हो शिकलात?” प्रत्येकाला वाटतं हा विनोद आपल्यालाच सुचला, आणि डबल बेसवाला सभ्यपणे हसतो.

विमानाने जायचं तर पंचाईत आणखी वाढते, कारण लागते भलीमोठी टणक पेटी. म्हणून दौऱ्यावरचे कितीतरी वादक तारांवर फिरवायचा स्वतःचा गज तेवढा बरोबर घेतात आणि वाद्य त्या त्या गावात उसनं मागतात. या मंडळींची एकमेकांशी गट्टी का जमते, ते यावरून कळेल. भांडायला विषय आहेत, नाही असं नाही. फ्रेंच पद्धतीचा गज वरून धरतात, जर्मन पद्धतीचा खालून, आणि आपलीच पद्धत बरी असं दोन्हीकडचे छातीठोक सांगतात. ऑर्केस्ट्रात मात्र सगळे एका ओळीत, दोघांत एक नोटेशनचा स्टँड, आणि सगळ्यांचे गज एकाच दिशेने जातात. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया कधी ऐकायला मिळाला, तर बहुधा तुमच्या उजव्या हाताला, मागे, ही मंडळी दिसतील.

गॅरी कार या अमेरिकन वादकाने तर १९६७ साली डबल बेसवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाच काढली. दर दोन वर्षांनी तिचं संमेलन भरतं. कारकडे एक नामांकित वाद्य होतं. आधी ते सर्ज कुसेवित्स्की यांचं. हे मूळचे रशियातले डबल बेसवादक, पुढे बोस्टनच्या ऑर्केस्ट्राचे संचालक झाले. ते गेल्यानंतर त्यांच्या पत्नीने ते वाद्य तरुण कारला देऊन टाकलं आणि कारने पुढे ते संघटनेला दिलं. इटलीतल्या क्रेमोना गावच्या अमाती बंधूंनी १६११ साली ते बनवलं, अशी त्याची ख्याती होती.

मग शास्त्रज्ञ आले, आणि त्यांनी सुरांकडे नाही, लाकडाकडे बघितलं. वाद्याची पुढची फळी स्प्रूस झाडाची असते. आल्प्ससारख्या थंड डोंगरात झाड वर्षाला एक वलय वाढतं. उन्हाळा चांगला गेला तर रुंद, थंडगार गेला तर बारीक. एका भागातल्या झाडांनी तेच उन्हाळे सोसलेले असतात, म्हणून त्यांच्या रुंद-बारीक वलयांचा क्रमही जुळतो. या फळीवर ३१७ वलयं मोजता आली. आल्प्समधल्या जुन्या झाडांच्या नोंदींशी ती ताडून पाहिली, तेव्हा पहिलं वलय निघालं १४४५ सालचं आणि शेवटचं १७६१चं. म्हणजे इकडे पानिपत झालं, त्या वर्षी ते झाड तिकडे डोंगरात वाढतच होतं! मग १६११ साली त्याचं वाद्य कसं झालं असेल? २००५ साली हा निकाल छापून आला : वाद्य अमाती बंधूंचं नाही, बहुधा अठराव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्समध्ये बनलेलं. कुणी बनवलं, ते मात्र वलयं सांगत नाहीत.