गिअरपेटीचे नाव आणि तिचे तेल

परळ, लालबाग, दादर या भागांतील गॅरेजांत ‘नव्वद नंबर’ एवढेच म्हटले की गिअरपेटीचे तेल अभिप्रेत आहे, हे सांगावे लागत नाही. वस्तुतः नव्वद ही वंगणतेलाच्या दाटपणाची, म्हणजे श्यानतेची, एक श्रेणी होय. अमेरिकेतील ‘सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स’ या संस्थेने ती ठरविली. बोलीने त्या श्रेणीचे वस्तुनाम केले. बैलगाडीच्या वंगणाला असे अंक कधी लागले नाहीत. चाक कुरकुरले म्हणजे वंगण घालावे, एवढी परिभाषा तेथे पुरेशी होती.

हा अंक दोन प्रकारे चकवितो. इंजिनाच्या तेलाची मोजपट्टी निराळी व गिअरतेलाची निराळी असल्यामुळे नव्वद हे चाळिसाच्या दुपटीहून दाट असेल, असा समज होतो. तो चुकीचा आहे. १०० अंश सेल्सिअस तपमानास नव्वद श्रेणीचे गिअरतेल इंजिनाच्या चाळीस-पन्नास श्रेणीच्या तेलाइतकेच दाट भरते. दुसरी चकवणूक अधिक नुकसानकारक आहे. श्रेणी केवळ दाटपणा सांगते; तेलात कोणती रसायने मिसळली आहेत, हे सांगत नाही. ते सांगणारी खूण वेगळी आहे : ‘जीएल-४’ व ‘जीएल-५’. दोन्ही प्रकारांच्या डब्यांवर नव्वद हाच अंक असू शकतो.

या भेदाचे कारण जुन्या टॅक्सीकडे पाहिले असता समजते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, मागच्या चाकांवर चालणारी मोटार होती. चालकाचा गिअरदांडा स्टिअरिंगच्या खांबाला, गिअरपेटी इंजिनाला जोडून आणि डिफरन्शियल मागच्या आसावर, अशी तिची रचना असे. गिअरपेटी व डिफरन्शियल यांचे तेल स्वतंत्रपणे भरावे लागे. अशा मागील आसांत सामान्यतः हायपॉइड नावाची दंतचक्रे असतात. त्यांचे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, तर दाबाखाली घसरतात आणि तेलाचा पापुद्रा पिळून निघतो. म्हणून जीएल-५ तेलात गंधक व फॉस्फरस यांची संयुगे अधिक प्रमाणात घालतात. पोलादावर ती संरक्षक थर धरतात. परंतु हाताने गिअर बदलावयाच्या पेटीत सिंक्रोनायझरच्या कड्या बहुधा पितळी असतात. गंधकाची काही संयुगे पितळाला खातात. शिवाय अशा तेलाने कड्यांना हवे तेवढे घर्षण मिळाले नाही, तर गिअर पडताना दात करकरतात. पेटीसाठी जीएल-४ सांगितलेले असता ‘नव्वद नंबर’ म्हणून जीएल-५ भरले, तर नाव बरोबर आणि तेल चूक, अशी स्थिती होते.

पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेनुसार २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. आज घोटाळा करणारा शब्द ‘ऑटोमॅटिक’ हा होय. क्लचचे पायदान नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो चालकाच्या पायाविषयी बोलतो, पेटीच्या पोटाविषयी नव्हे. २०१४ साली भारतात सेलेरिओ मोटारीबरोबर आलेली एएमटी ही आतून साधी हाताची गिअरपेटीच असते. क्लच दाबण्याचे व गिअर पाडण्याचे काम तेवढे यंत्र करते. तिला गिअरतेलच लागते. टॉर्क कन्व्हर्टरच्या पेटीत तेल हेच शक्ती वाहून नेते आणि क्लचच्या चकत्या त्यातच बुडालेल्या असतात; तिला एटीएफ हवे. सीव्हीटीत दोन कप्प्यांमध्ये फिरणारा पोलादी पट्टा तेलात राहूनही घसरता कामा नये, म्हणून तिचे तेल आणखी निराळे. तिघींचे नाव मात्र एकच.

ओळख पटविण्याच्या काही बाह्य खुणा आहेत. दांड्यापाशी ‘पी’ हे अक्षर नसेल आणि गिअर चढताना क्षणभर ओढ तुटत असेल, तर एएमटी असण्याचा संभव अधिक. वेग वाढत असता इंजिनाचा आवाज एकाच पट्टीत राहत असेल, तर सीव्हीटी. तेलाच्या रंगावर मात्र भिस्त ठेवू नये. एटीएफला लाल रंग देतात तो गळती चटकन ओळखता यावी म्हणून. तो संकेत आहे, गुणधर्म नव्हे. काही हाताच्या पेट्यांतही लाल तेलच घालावयाचे असते.

मोटारसायकलींत तर बहुधा इंजिन, गिअर व क्लच यांचे तेल एकच असते. तेथे डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहावी लागते, नाहीतर क्लच घसरतो. गिअर नसलेल्या स्कूटरचा पट्टा कोरडा असतो. पण मागच्या चाकापाशी एक लहानशी दंतचक्रपेटी असते, आणि ‘हिला गिअरच नाहीत’ या समजुतीने तिचे तेल वर्षानुवर्षे बदलले जात नाही.

गिरगावात ऑपेरा हाउसच्या परिसरातील सुट्या भागांच्या दुकानात जाताना म्हणून ‘ऑटोमॅटिकचे तेल’ एवढ्यावर भागत नाही. चेसिस क्रमांक व उत्पादनाचे वर्ष बरोबर असावे आणि वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले तेलाचे पूर्ण नाव, अंक व खूण दोन्हींसह, कागदावर उतरून घ्यावे.