पत्त्यातला पहिला शब्द

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसराला भूकंपाने हादरवले. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यातल्या एखाद्या शाळेची मुले त्यावर प्रकल्प करत आहेत, असे समजू या. भूकंपाच्या नोंदी कुठे मिळतील, हे शोधताना त्यांना एका जुन्या टिपणात एक पत्ता सापडतो. त्याची सुरुवात 'एफटीपी://' अशी आहे. मुले त्यावर क्लिक करतात. काहीच घडत नाही. "दुवा बंद पडलाय" म्हणून पत्ता सोडून दिला जातो, आणि प्रकल्पातला तक्ता कोराच राहतो.

पण दुवा खरोखरच बंद पडला आहे का? आपण पत्ता जरा निरखून पाहू.

पत्त्याचे ढोबळमानाने तीन भाग असतात. कोलन आणि दोन तिरक्या रेघांच्या आधीचा शब्द, त्यानंतर यंत्राचे नाव, आणि शेवटी त्या यंत्रावरचा कप्पा व फाइल. तुळजापूरला जायचे, हे झाले ठिकाण. एसटीने जायचे की मोटारीने, हे झाले साधन. पत्त्यातला पहिला शब्द ठिकाण सांगत नाही, तो साधन सांगतो. 'एचटीटीपी' हे वेबपानांचे साधन, तर 'एफटीपी' हे फायलींची ने-आण करण्याचे.

एफटीपी वेबपेक्षा बरेच जुने आहे. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीत शिकलेले अभय भूषण यांनी अमेरिकेत एमआयटीमध्ये असताना एप्रिल १९७१ मध्ये त्याचा पहिला आराखडा लिहिला. या पद्धतीत दोन संगणकांमध्ये दोन वाटा उघडतात. एका वाटेने 'अमुक फाइल दे' असा निरोप जातो, दुसऱ्या वाटेने फाइल येते.

पुढे वेब आले. डिसेंबर १९९४ मध्ये पत्ते लिहिण्याची जी सामाईक रीत प्रसिद्ध झाली, तिच्यात ही दोन्ही साधने होती. ब्राउझर दोन्ही कामे स्वतःच करत असल्यामुळे पहिल्या शब्दाकडे आपले लक्षच गेले नाही. मात्र २०२१ मध्ये फायरफॉक्स आणि क्रोम यांनी एफटीपीचे काम सोडून दिले. ते वापरणारे कमी उरले होते, आणि साध्या एफटीपीत पासवर्डसुद्धा उघड्या पोस्टकार्डासारखा जातो.

मग आता अशा दुव्यावर क्लिक केले की काय होते? ब्राउझर तो पत्ता संगणकाच्या मूळ प्रणालीकडे सोपवतो. तिच्याकडे एक नोंदवही असते: कोणता पहिला शब्द आला तर कोणत्या प्रोग्रामला हाक मारायची. 'मेलटू' ने सुरू होणारा दुवा दाबला की पत्र लिहिण्याची खिडकी उघडते, ती याच नोंदीमुळे. एफटीपीपुढे कोणाचेच नाव नसेल, तर हाक कोणाला मारणार?

तेव्हा नाव आपणच नोंदवायचे. विंडोजवर विनएससीपी हा मोफत प्रोग्राम घ्यावा. त्याच्या 'प्रेफरन्सेस'मधील 'इंटिग्रेशन' या भागात वेबपत्ते हाताळण्यासाठी नोंदणी करण्याचे बटण आहे. ते दाबल्यावर विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'डिफॉल्ट ॲप्स' उघडून एफटीपी या दुव्यापुढे कोणता प्रोग्राम आहे, ते तपासावे. आता दुवा दाबला की पूर्ण पत्ता त्या प्रोग्रामच्या हाती जाईल. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर कप्पा उघडेल, नसेल तर तो पत्ता फायलीचा समजून ती उतरवण्याची तयारी होईल.

इतके करूनही फाइल मिळाली नाही तर? मग दुसरा भाग पाहावा. उस्मानाबादचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. जुन्या नावाने आलेले पत्र पोस्टमन ओळखीने पोचवतो. संगणकाला अशी ओळख नसते. यंत्राचे जुने नाव कोणी नोंदीत ठेवले नसेल, तर तो 'असे यंत्र सापडत नाही' म्हणून थांबतो.

म्हणजे बिघाड कुठे आहे, ते लक्षणांवरून ओळखता येते. कोणताच प्रोग्राम उघडला नाही, तर अडचण पहिल्या शब्दात. प्रोग्राम उघडला पण यंत्र सापडले नाही, तर बहुधा दुसऱ्या भागात. यंत्र भेटले पण फाइल नाही, तर तिसऱ्या भागात. 'दुवा बंद' हा निष्कर्ष ही तपासणी झाल्यावरच काढावा.

एक खबरदारी घ्यायला हवी. साधी एफटीपी सर्वांसाठी खुल्या असलेल्या फायलींपुरतीच वापरावी. पत्त्यातच नाव आणि पासवर्ड लिहिण्याची सोय असते, पण तसा पत्ता कोणालाही पाठवू नये. पत्त्याबरोबर किल्लीही दिल्यासारखे होते. जिथे पासवर्ड लागतो तिथे 'एसएफटीपी' बरी. तिचा सगळा मजकूर सांकेतिक रूपात जातो.

वर्गात करून पाहा: फळ्यावर वेगवेगळ्या पहिल्या शब्दांचे पाच पत्ते लिहा. प्रत्येक पत्ता कोणता प्रोग्राम उघडेल, याचा अंदाज मुलांना आधी वहीत लिहू द्या, मग संगणकावर पडताळा. अंदाज चुकला, तर तीन भागांपैकी कुठे अडले ते त्यांनाच शोधू द्या. आणि त्या भूकंपाच्या पत्त्यावर पुन्हा एकदा क्लिक करून पाहायला विसरू नका.