अखंड वितळण करणारी प्रज्योत भट्टी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विद्युत प्रज्योत भट्टी, म्हणजे कारखान्यातल्या बोलीत आर्क फर्नेस, ही ग्रॅफाइटच्या जाड कांड्यांतून हजारो अँपिअरचा प्रवाह सोडून कांडीचे टोक आणि धातू यांच्यामधल्या वायूत प्रज्योत पेटवते आणि त्या उष्णतेने पोलादाचे भंगार वितळवते. या कांड्यांना इलेक्ट्रोड म्हणतात. फ्रान्सच्या पॉल एरू यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही भट्टी व्यवहारात आणली, आणि त्यानंतर कित्येक दशके ती भरण्याची रीत एकच राहिली : छत बाजूला सारायचे, क्रेनने भंगाराची बादली रिकामी करायची, छत मिटून वितळवायचे आणि पुन्हा दुसऱ्या बादलीसाठी छत उघडायचे. १९८०च्या दशकात अमेरिकेत कॉन्स्टील नावाची पद्धत पुढे आली. तीत भंगार एका लांब, कंप पावणाऱ्या वाहकपट्ट्यावरून भट्टीच्या कुशीतल्या दारातून सतत आत येत राहते आणि वीज चालू असताना छत उघडावे लागत नाही. या भट्टीविषयी बरेच लिहिले आणि बोलले जाते, पण तिच्या रचनेचे मर्म त्यात बहुधा हातून निसटते.

पहिला गैरसमज तिच्या अखंडपणाबद्दलच आहे. एका बाजूने भंगार जाते आणि दुसऱ्या बाजूने पोलादाची धार सदैव वाहत असते, असे चित्र अनेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात अखंड असते ते भरणे आणि वितळणे. तयार पोलाद मात्र ठरावीक वेळाने, साधारणपणे पाऊण तास ते तासाभराच्या फेरीअंती, लॅडलमध्ये, म्हणजे आतून उच्चतापसह विटांचे अस्तर असलेल्या मोठ्या भांड्यात, ओतून घेतले जाते. भट्टीपुढच्या यंत्रात द्रव पोलादाची लांब कांब सलग ओतली जाते, ते अखंड ओतकाम ही वेगळीच प्रक्रिया आहे. आत येणे आणि बाहेर जाणे ही दोन्ही खऱ्या अर्थाने सलग ठेवण्याचे प्रयत्न १९६०च्या दशकात झाले. ऑस्ट्रेलियातील वर्क्रा आणि फ्रान्समधील इर्सिड या संस्थेच्या पद्धती त्यांपैकी होत. परंतु पोलादातील कार्बन, फॉस्फरस आणि तापमान या तिन्ही गोष्टी एकाच वेळी नेमक्या बिंदूवर आणून तपासायच्या असतात, आणि वाहत्या धारेत ते साधणे फार अवघड ठरल्याने अशा पद्धती उद्योगात रुजल्या नाहीत.

सर्वांत खोलवर रुजलेला समज असा की, या भट्टीची बचत मुख्यतः भंगार आधी तापवण्यातून होते. वाहकपट्ट्याचा भट्टीलगतचा भाग बोगद्यासारखा बंदिस्त असतो आणि भट्टीतले उष्ण वायू भंगाराच्या उलट दिशेने त्यातून जातात, हे खरे आहे. हिशोब मात्र पाहण्यासारखा आहे. एक टन भंगार साध्या तापमानापासून १६०० अंश सेल्सियसच्या द्रव पोलादापर्यंत नेण्यास किमान ३८० युनिटांच्या (किलोवॅट-तासांच्या) आसपास ऊर्जा लागते. तेच भंगार आधी ३०० अंशांपर्यंत तापवले तर त्यातली सुमारे ४० युनिटे वाचतात आणि ६०० अंशांपर्यंत तापवले तर सुमारे ९०. वायू भंगाराच्या थरातून आरपार जात नाहीत, वरून वाहतात. त्यामुळे वरचा थर लालसर झाला तरी तळाचा थर बराच थंड राहतो आणि सरासरी तापमान या दोन आकड्यांपैकी खालच्याच जवळ राहण्याचा संभव अधिक असतो. शिवाय भंगाराला चिकटलेले तेल, रंग आणि प्लास्टिक जळून निघालेले वायू साधारण २५० ते ४५० अंशांच्या पट्ट्यातून सावकाश निवाले तर डायऑक्सिन ही अत्यंत विषारी संयुगे तयार होऊ शकतात. म्हणून ते वायू ८५० अंशांच्या वर पूर्णपणे जाळून मग झपाट्याने थंड करावे लागतात, आणि वाचवलेल्या उष्णतेचा काही वाटा त्यातच खर्ची पडू शकतो.

मग या रचनेचे खरे बळ कशात आहे? ते भट्टीत मागे ठेवलेल्या धातुरसात आहे. बादलीने भरल्या जाणाऱ्या भट्टीतही पोलाद ओतल्यावर थोडा रस तळाशी राखतात. अखंड भरणाच्या भट्टीत मात्र ओतलेल्या पोलादाच्या चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत रस मुद्दाम शिल्लक ठेवला जातो. प्रज्योत भंगारावर पेटतच नाही. ती सपाट रसावर पेटते, रस तापतो आणि रसच भंगार वितळवतो. थंड तुकडा रसात बुडताक्षणी त्याच्याभोवती गोठलेल्या पोलादाचे कवच धरते, ते कवच पुन्हा वितळते आणि त्यानंतरच मूळ तुकडा विरघळू लागतो. हा क्रम किती लवकर पुरा होतो, हे रस किती जोराने घुसळला जातो यावर अवलंबून असते. म्हणून कार्बन व प्राणवायू यांच्या संयोगातून उठणारी उकळी, तळातून सोडलेला अरगॉन किंवा नायट्रोजन आणि काही ठिकाणी भट्टीखाली बसवलेला विद्युतचुंबकीय ढवळक, ही आरेखनाची मुख्य अंगे होतात.

या एका निर्णयातून पुढची सारी रचना निघते. १०० टन पोलाद ओतायचे आणि ५० टन राखायचे असेल, तर भट्टीचे भांडे १५० टनांचे हवे. म्हणजेच अखंड भट्टी छोटी आणि स्वस्त असते, हा समजही टिकत नाही. तळाच्या विटा कायम रसाखाली राहतात, त्यांची झीज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ठरावीक काळाने भट्टी पूर्ण रिती करून तळ पाहावा लागतो. भरण्याचा वेग तर विजेशी बांधलेला असतो. उदाहरणादाखल, रसाला ८० मेगावॅट शक्ती मिळत असेल आणि टनामागे ३६० युनिटे लागत असतील, तर मिनिटाला सुमारे ३.७ टन भंगार वितळू शकते. त्याहून वेगाने भरत राहिल्यास दारासमोर न वितळलेल्या भंगाराचा डोंगर साचतो आणि रसाचे तापमान घसरते. कमी वेगाने भरल्यास रस गरजेपेक्षा तापून विटा खाऊ लागतो. म्हणूनच वाहकपट्ट्यावर जाड ठोकळ्यांपेक्षा एकसारखे तुकडे केलेले भंगार असावे, हा आग्रह आवश्यकच ठरतो.

रोहित्र मोठे बसवले की वितळण आपोआप वेगवान होते, असेही मानले जाते. सपाट रसावरची उघडी प्रज्योत आपली बरीचशी उष्णता भिंतींकडे फेकते, आणि बादलीच्या भट्टीत निदान सुरुवातीला भिंतींना आडोसा देणारा भंगाराचा ढीग इथे नसतो. तो आडोसा फेसाळलेल्या मळीला द्यावा लागतो. मळी, म्हणजे चुना, मॅग्नेशिया आणि लोहाचे ऑक्साइड यांचा धातूवर तरंगणारा वितळलेला थर. तिच्यात कार्बनची पूड आणि प्राणवायू सोडला की कार्बन मोनॉक्साइडचे बुडबुडे उठतात, मळी फुगते आणि प्रज्योत तिच्यात बुडून जाते. तेव्हाच जास्त विद्युतदाबाची, लांब प्रज्योत भिंतींना इजा न करता वापरता येते. अशा वेळी प्रज्योत स्थिरही राहते; बादलीच्या भट्टीत भंगार ढासळून इलेक्ट्रोडवर पडल्याने वीजप्रवाह क्षणोक्षणी उसळतो आणि आसपासच्या वीजजाळ्यावरचे दिवे लुकलुकतात, तो त्रास इथे पुष्कळच घटतो.

महाराष्ट्रात आणखी एक गल्लत होते : प्रवर्तन भट्टी आणि प्रज्योत भट्टी एकच मानल्या जातात. जालन्यातील बांधकामाच्या सळया बनवणारे कारखाने प्रामुख्याने प्रवर्तन भट्ट्या, म्हणजे इंडक्शन फर्नेस, वापरतात. त्यांत चुंबकीय क्षेत्रामुळे धातूतच प्रवाह निर्माण होऊन तो तापतो, पण मळी तुलनेने थंड राहत असल्याने फॉस्फरस काढण्यासारखे शुद्धीकरण फारसे होत नाही. प्रज्योत भट्टीत मळी हीच सर्वांत तप्त असते, आणि हा फरक मूलभूत आहे. रायगड जिल्ह्यातील डोलवी येथे प्रज्योत भट्टीचाच कोनार्क हा प्रकार उभारला गेला : दोन भांडी आणि त्यांच्यावर आळीपाळीने फिरणारा इलेक्ट्रोडांचा एकच संच, ज्यात झोतभट्टीचे द्रव लोखंड आणि स्पंज लोखंड, म्हणजे खनिज न वितळवता त्यातला प्राणवायू काढून मिळवलेले लोखंड, दोन्ही वापरता येतात. स्पंज लोखंड छताच्या छिद्रातून सतत सोडता येते, म्हणजे अखंड भरणासाठी वाहकपट्टाच हवा असे नाही.

अशा भट्टीतून केवळ हलक्या प्रतीचे पोलाद निघते, हा समज इतिहासाच्या उलट आहे, कारण प्रज्योत भट्टी प्रथम नावाजली ती हत्यारांच्या आणि मिश्रधातूंच्या पोलादासाठी. खरी मर्यादा तांब्याची आहे. लोखंडापेक्षा तांबे प्राणवायूशी कमी सहजतेने संयोग पावते, म्हणून ते मळीत जात नाही आणि एकदा रसात उतरले की तिथेच राहते. सळईत ०.४ टक्क्यांपर्यंत तांबे चालून जाते. मोटारीच्या खोल ओढकामाच्या पत्र्याला ०.०६ टक्क्यांच्या आत राहावे लागते. हे अंतर भट्टीचे कोणतेही आरेखन भरून काढू शकत नाही. त्यासाठी भंगारातून तारा आणि विद्युत मोटरींची वेटोळी आधीच वेगळी काढावी लागतात, किंवा स्पंज लोखंड घालून तांब्याचे प्रमाण पातळ करावे लागते. पण म्हणून ही भट्टी आपोआप स्वच्छ ठरते, असे नाही : ते स्पंज लोखंड कोळशावर बनलेले असेल, आणि भट्टीची वीज भारतीय जाळ्यातून, म्हणजे युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडून येत असेल, तर टनामागे ४०० युनिटांच्या विजेतूनच २८० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि कोळशाचा वाटा त्यावर वेगळा चढतो.