वळचणीतली ठिणगी

पॅरडाइज गावाची आगीनंतरची छायाचित्रं पाहताना एक गोष्ट डोळ्यांना खुपते. घराच्या जागी राखेचा ढीग, रस्त्यावर मोटारीच्या चाकांचं वितळून थिजलेलं ॲल्युमिनियम आणि हाताच्या अंतरावर पाइनचं झाड, शेंड्याला अजून हिरवं. जंगलानेच गाव गिळलं असेल, तर हे झाड वाचलं कसं?

८ नोव्हेंबर २०१८. उत्तर कॅलिफोर्नियात शरदातला पाऊस अजून आलाच नव्हता. सकाळी साडेसहाच्या सुमारास फेदर नदीच्या दरीत वीजवाहिनीच्या मनोऱ्यावरची, जवळपास शंभर वर्षं झिजत आलेली लोखंडी आकडी तुटली. खाली वाळलेलं गवत, वर सुसाट कोरडा वारा. दीड तासात आग २६,००० वस्तीच्या पॅरडाइजमध्ये पोचली. ८५ माणसं गेली, त्यांतली बहुतेक म्हातारी. १८,००० हून अधिक इमारती जळाल्या. ८४ जणांच्या मृत्यूला आपला निष्काळजीपणा कारण झाल्याची कबुली वीज कंपनीने २०२० मध्ये न्यायालयात दिली.

गावात शिरले ते मुख्यतः निखारे. वणव्याच्या कितीतरी पुढे उडत येऊन ते पन्हळीत साचलेल्या पाइनच्या सुयांवर पडतात, माळ्याच्या झरोक्यातून आत जातात, वळचणीला अडकतात. एक घर पेटलं की त्याची धग शेजारच्याला पुरते. झाडं मागे राहतात.

अमेरिकी वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन हे फार आधीपासून सांगत होते. १९९० च्या दशकाअखेरीस कॅनडाच्या जंगलात लाकडी भिंती उभारून त्यांच्यासमोर मुद्दाम वणवा लावला गेला. १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या. ३० मीटरवरची एकही पेटली नाही. म्हणजे घराचं भवितव्य बरंचसं घर आणि अंगणच ठरवतं. पॅरडाइजमध्ये त्याचा पडताळा आला. निखाऱ्यांना अडवणारी बांधणी सक्तीची करणारे २००८ चे नियम पाळून बांधलेली जवळपास निम्मी घरं शाबूत राहिली, तर त्याआधीच्यांपैकी पाचातलं एकसुद्धा नाही. दुखरी बाब अशी की हे नियम नव्या बांधकामापुरते होते. जुन्या घरातल्या, तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने छप्पर बदलायचं कशातून?

जंगलातल्या इंधनाचा भार मात्र शंभर वर्षांत माणसांनीच वाढवला. या डोंगरांत कोंकाव मैदू लोक थंड हवेत, बेताने रान जाळत. काडीकचरा साचायचा नाही, ओक जगायचे. सरकारने ही प्रथा मोडून काढली. १९३५ मध्ये तर वनसेवेने फर्मान काढलं: लागलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आलीच पाहिजे. न जळलेलं ते सगळं इंधन होऊन साठत गेलं. आज तिथल्या आदिवासी जमाती ते नियंत्रित जाळणं पुन्हा करू लागल्या आहेत, आणि ते फार पूर्वीच व्हायला हवं होतं.

पॅरडाइज पुन्हा वसतंय. विजेच्या तारा जमिनीखाली गेल्या, धोक्याचा इशारा देणारे भोंगे उभे राहिले. भिंतीपासून पाच फुटांत पेट घेईल असं काही ठेवायचं नाही, असा नियम आहे. खिडकीखाली जिथे झुडपं असायची, तिथे आता खडी पसरलेली असते.